जाळीच्या फळांचा भादवा

पोळा फुटला, कर झाली, की दुसऱ्या दिवसापासून वणीच्या बाजारात फवारणीचे पंप दुकानाबाहेर येऊन बसतात. निळे, पिवळे, हिरवे. हल्ली चार्जिंगचे निघालेत, ते जरा ऐटीत पुढच्या रांगेत असतात. भाजीची पिशवी घेऊन मी तिथून जाते तेव्हा पदर नाकाला लावते. पंप कोरे असतात, वास कसलाच येत नसतो. पण माझ्या नाकाला कोण समजावणार? नवरा कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. तो म्हणतो, "अवं, बारा महिने कोळशाच्या धुळीत जगून राह्यली, तेव्हा नाही पदर लावला, अन् कोऱ्या पंपाले लावून राह्यली!" बोलणं त्याचं खरं आहे. मी वांगी निवडते.

भादवा मला आवडत नाही, हे एकदाचं सांगून टाकते. लोकांचा आवडता असेल. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पात्या लागतात, सोयाबीनच्या शेंगा भरतात, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, तेरडा फुलतो. दिसायला सगळं हिरवंगार. पण ऊन असं की चामडी सोलून काढतं, आणि मधूनच एक सर येते ती वाफ करून जाते. अंगाला अंग लागलेलं सहन होत नाही. त्या वाफेत मला माझं घाटंजीकडचं गाव दिसायला लागतं, गावाच्या शेवटची आमची कुडाची खोली दिसते, आणि खोलीपुढच्या कुंपणावर पसरलेली मायची वेल.

तशी वेल आता माझ्या वणीच्या घरामागेही आहे. तारेच्या जाळीवर चढवली आहे मीच. कोळशाची काळी भुकटी पानांवर बसते, मी बादलीभर पाण्यानं धुते, संध्याकाळी पुन्हा काळी. वेलीचं काही बिघडत नाही. अशी चिवट वेल मी पाहिली नाही बापा. वैशाखात वाळून दोरी होते, आपण म्हणावं गेली. आषाढात बुडातून पुन्हा बोटभर कोंब. शेजारच्या कॉलनीतल्या मॅडमकडे कुंडीत कृष्णकमळ आहे, मोठं जांभळं, त्याचे त्या फोटो काढतात. एकदा माझ्या वेलीचं फूल पाहून म्हणाल्या, "अय्या, हे तर कृष्णकमळाचं पिल्लू!" बरोबर ओळखलं त्यांनी. त्याच घराण्यातली आहे ती, पण गरीब शाखेतली. फूल लहान, पांढुरकं, मधे जांभळी झाक. पान चुरडलं की घाण वास. आणि फळ हे असं बोराएवढं, हिरव्या केसाळ जाळीत गुंडाळलेलं. त्या जाळीला हात लावला की बोटं चिकट होतात, बारके किडे तिला चिकटून मरतात.

नाव काय या वेलीचं? पुस्तकात असेल काहीतरी. आमच्याकडे जाळीची वेल, जाळीचं फळ, एवढंच. मायनं ती आर्णीकडच्या तिच्या माहेरून आणली होती, लुगड्याच्या गाठीत बी बांधून. लग्नात आणलेलं बाकी सगळं मोडलं, फुटलं, विकलं. वेल तेवढी राहिली, असं ती हसून सांगायची. आमचे बाबा आम्ही लहान असतानाच गेले. माय, मी आणि माझा धाकटा भाऊ विलास, एवढंच घर. वावर नव्हतं. कोणाच्याही वावरात निंदायला, वेचायला जायचं. ज्यांच्याकडे वावर नाही त्यांनी काहीतरी आपलं म्हणून उगवावंच लागतं, नाहीतर जीव कुठं लावायचा? मायनं कुंपणावर लावला.

कुंपण म्हणजे काय, गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीच्या काड्या. कापूस वेचून झाला की वावरवाले पऱ्हाट्या उपटून देतात, त्या चुलीला जातात, उरलेल्या कुंपणाला. माय त्यात मधे मधे बाभळीचा काटा खोचायची आणि बुडाशी राख टाकून बी पेरायची. पाणी वेगळं कधी घातलं नाही. भांडी घासलेलं पाणी तिकडेच लोटायचं. आषाढात वेल काडी धरायची, पोळ्यापर्यंत कुंपण दिसेनासं व्हायचं. येणारे-जाणारे म्हणायचे, "काय वं, हे गवत कायले पोसलं?" माय म्हणायची, "पोसलं कुठं बापा, तेच मले पोसून राह्यलं."

खायची रीत तिनं आम्हाला शिकवली होती आणि त्यात ती फार कडक होती. हिरवं तोडायचं नाही. हिरवं फळ कडू असतं आणि पोटाला बाधतं. जाळी सुकून तपकिरी झाली, आत फळ पिवळंधमक दिसलं, नुसता हात लावला आणि ते हातात आलं, तरच तोंडात घालायचं. मग जाळी सोलायची, साल दातांनी फोडायची आणि आतल्या बुळबुळीत बिया चोखायच्या. आंबट, गोड, थोडा विचित्र सुगंध. पोट भरत नाही त्यानं, पण तोंडाला चव येते. नुसत्या भाकरीठेच्यावर दिवस काढणाऱ्याच्या तोंडाला चव येणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

जवळच्या तांड्यावरची जमनाबाई मायची मैत्रीण. दोघी एकाच टोळीत वेचणीला जायच्या. ती येताना तांड्यावरून मक्याचं कणीस आणायची आणि जाताना ओटीत जाळीची फळं न्यायची. तिचं आणि मायचं भांडणही जोरात चालायचं. "तुह्या वेलीनं माह्या लुगड्याले डाग पाडले," जमनाबाई ओरडायची. माय म्हणायची, "चोरून खाशील तं डाग पडतीलच." अशा दोघी कुंपणाशी उकिडव्या बसून फळं चोखत राहायच्या, बिया पटापट थुंकायच्या आणि पुढच्या वर्षीची वेल आपोआप पेरली जायची.

विल्या तर विचारूच नका. पान चुरडून मागून येऊन माझ्या नाकाशी धरायचा. "ताई, अत्तर लाव, तुले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले!" एका वर्षी त्याच्या डोक्यात भूत शिरलं की ही फळं घाटंजीच्या बाजारात विकायची. माय म्हणाली, "कोण घेते बे ते?" पण ऐकेल तो विल्या कसला? पळसाच्या पानावर फळांचे ढीग मांडले आणि बसला ओरडत, "गरिबाचे अंगूर घ्या, जाळीसकट घ्या!" सांजच्याला रिकामी टोपली डोक्यावर उलटी घालून घरी आला. मायनं विचारलं, "इकले?"

"सारे संपले."

"अन् पैसे?"

"पैशाचं नको विचारू, माय. खाणाऱ्यायनं नाव चांगलं काढलं."

माय त्या दिवशी इतकी हसली की तिला उचकी लागली. विल्या तिला पाणी देत होता आणि वर म्हणत होता, "हास, हास, धंदा बुडाला अन् तू हासून राह्यली." ते आठवलं की अजून मला हसू येतं, आणि मग लगेच हसण्याचाच राग येतो.

ती कापसाची वाईट वर्षं होती. ज्या बियाण्याला अळी लागायची नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्याच बोंडात गुलाबी अळी वळवळू लागली. एक फवारा, दुसरा, मग आणखी एक. एका औषधानं भागेना म्हणून दोन-तीन एकत्र. झाडं मात्र वाढली ती माणसाच्या डोक्याच्या वर. पूर्वी पऱ्हाटी कमरेला लागायची, फवारा खाली पडायचा. आता डोक्यावर नळी धरून मारावं लागे आणि मारलेलं सगळं तोंडावर, छातीवर परत येई. गावोगाव माणसं येत, वावरवाल्यांना विचारत, वर्तमानपत्रात त्यांचं दुःख छापून येई. खोटं नव्हतं ते. पण ज्याला वावरच नाही आणि ज्याच्या पाठीवर पंप आहे, त्याला कोणी काही विचारलं नाही. विल्याच्या पाठीवर पंप होता. निंदणापेक्षा फवारणीची मजुरी बरी म्हणून तो त्या कामाला लागला होता.

फवारणीच्या विषाला आमच्याकडे औषधच म्हणतात. आणि ते औषध चढलं तर ते उतरवायला आंबट खायचं, अशी आमच्याकडे रीत. कोणी ताक पितं, कोणी लिंबू चोखतं, कोणी चिंचेचं पाणी. घरून निघतानाच बाया फडक्यात काहीतरी आंबट बांधून देत. चक्कर आली, मळमळलं, की बाभळीखाली बसायचं, आंबट तोंडात टाकायचं, जरा बरं वाटलं की पुन्हा पंप उचलायचा. कपडे काढून टाक, साबण लावून अंग धू, दवाखान्यात जा, असं कोणी म्हणत नसे. कोणाला ठाऊक होतं? सगळ्यांचा आंबटावर भरवसा. मायचाही होता. आणि तिच्या कुंपणावर तर फुकटचं आंबट लगडलेलं होतं.

त्या वर्षी मी पोळ्याला माहेरी गेलते आणि चार दिवस जास्त राहिले. सकाळी विल्या निघाला तेव्हा माय कुंपणाशी उभी राहून पिकलेली फळं निवडत होती. जाळ्या सोलून तिनं ती एका फडक्यात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"दुपारी खाजो. औषध उतरून जाते."

"माय, तू तं डॉक्टरीणच झाली वं."

"चेष्टा नको करू. हात धून खाजो."

"तिथं पाणी कुठी हाये धुवाले? जे हाये ते औषधात जाते," तो म्हणाला आणि गेला. तोंडाला बांधायला त्यानं माझीच जुनी ओढणी नेली होती. एवढंच त्याचं संरक्षण.

दुपारचं मी पाहिलं नाही. जमनाबाई शेजारच्या वावरात निंदत होती, तिनं पाहिलं. विल्या धुऱ्यावर बाभळीखाली येऊन बसला. सदरा पाठीपासून छातीपर्यंत ओला होता. पंप गळत होता म्हणे. घाम पुसावा तसं त्यानं तोंड पुसलं, फडकं सोडलं, फळं खाल्ली. जमनाबाईकडे पाहून हातही केला. मग उठून पंप पाठीला लावायला गेला आणि तिथंच वाकला. ओकला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. "याडी ये!" असा तांड्याच्या बोलीत आईचा धावा करत जमनाबाई धावली. दोन माणसांनी त्याला मोटरसायकलवर मधे बसवून घरी आणलं. घरी का आणलं, सरळ दवाखान्यात का नेलं नाही, हे विचारून मी किती लोकांशी भांडले आहे! मायनं त्याला धरून ओसरीवर टेकवलं. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"ताई, आभाळ आलं काय वं?" त्यानं विचारलं.

बाहेर ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, "नाही रे. ऊन हाये."

"मंग अंधारून काहून आलं?"

जीप मिळाली, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात त्याला नेलं. तिथं गेलो तर वॉर्डात सगळीकडून आलेली फवारणीवालीच माणसं. कोणाचे हात पट्टीनं पलंगाला बांधलेले, कारण ते झटके देत होते. कोणी आईला ओळखत नव्हतं. एक तरुण डॉक्टरीण होती, तिच्या डोळ्यांखाली काळं झालेलं, किती दिवस झोपली नव्हती कोण जाणे. तिनं घाईघाईनं विचारलं, "काय खाल्लं होतं यानं?"

माय पुढं झाली. "फळं," ती म्हणाली. "जाळीचे. माह्या हातचे."

डॉक्टरीण लिहून घेत होती. मी म्हटलं, "मॅडम, सकाळपासून फवारत होता." तिनं लगेच वर पाहिलं, कोणतं औषध ते विचारलं, त्याचा सदरा कापून काढायला लावला, अंग साबणानं धुवून घेतलं. आम्हाला बाहेर आणून नीट समजावून सांगितलं की विष कातडीतून गेलं आहे, श्वासातून गेलं आहे, फळाचा काही संबंध नाही. आधीच कपडे काढून अंग धुतलं असतं तर बरं झालं असतं. माय माझ्या शेजारीच उभी होती. मान हलवत होती. मला वाटलं ऐकते आहे.

विल्या दोन-तीन दिवस झुंजला. मधे एकदा शुद्धीवर आला, मायचा हात चाचपून पाहिला आणि "माय, पाणी" एवढंच म्हणाला. मग गेला. बावीस-तेवीस वर्षांचं माझं हसरं पोरगं होतं ते. भाऊ होता, पण मी त्याला कडेवर वाढवलेलं.

आम्ही त्याला घेऊन गावी येईपर्यंत गावानं आपली गोष्ट तयार करून ठेवली होती. विलासनं जंगली फळ खाल्लं. मायनं दवाखान्यात स्वतःच्या तोंडानं सांगितलं. आता याच्यावर काय बोलायचं? उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्यांच्या वावरात तो फवारत होता, ते भेटायला आले, खाली मान घालून बसले. म्हणाले, "फळं खाल्ले म्हणते. नशीब."

मी फाटकन बोलले, "फळाचं राहू द्या, तुमच्या पंपात कायकाय मिसळलं होतं ते सांगा आधी!"

ते काही बोलायच्या आत माय बोलली. "चूप राय, कुंदे. म्याच देल्ले त्याले."

झालं. यापुढं कोण काय ऐकणार? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटली की सगळा गाव दोरी घेऊन तयार. शाळेतल्या पोरांना दम भरला, जाळीच्या फळाला हात लावायचा नाही. धुऱ्याधुऱ्यावर, नाल्याच्या काठी, जिथं जिथं ती वेल होती तिथं माणसं फिरली. आणि वेल मारायला काय वापरलं? तोच पंप, तणनाशक भरून. पाठीला तोच पंप, तोंडाला तसंच फडकं, तसाच ओला सदरा. मी दारात उभी राहून पाहत होते. वाटलं, डोकं आपटून घ्यावं या माणसांसमोर. अरे, वॉर्डातल्या बाकीच्यांनी कुठं खाल्लं होतं जाळीचं फळ? हे मी ओरडून सांगितलंही. त्यावर एक जण शांतपणे म्हणाला, "बाई, तुह्यावर दुःख हाये, तू काहीबी बोलशील."

आमच्या कुंपणाकडे कोणी आलं नाही. ते मायनंच केलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, लोक जेवून गेले. मग ती उठली आणि दोन्ही हातांनी वेल ओढायला लागली. बाभळीचे काटे हातात घुसत होते. पिकलेली फळं टपाटप खाली पडत होती, ती पायानं चिरडत होती. जमनाबाईनं तिला कमरेला धरून मागं ओढलं तेव्हा कुंपणासकट सगळं आडवं झालं होतं.

त्यानंतर आमच्या घरातून आंबट गेलं. चिंच नाही, लिंबू नाही, ताक नाही. वरण नुसतं मिठाचं. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. माय कोणाला स्वतःच्या हातानं खायला देईना. शेजारची पोरं दारात आली की पूर्वी ती काहीतरी हातावर ठेवायचीच, गुळाचा खडा, मुरमुरे, काही नाही तर भाजलेला दाणा. आता पोरं आली की घरात निघून जायची. मी पुढं माझ्या लहान मुलीला घेऊन गेले, मुलगी आजीपुढं तोंड उघडून बसली, तर माय ताट माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तू चार. माह्या हातचं नको."

"माय, असं काहून करून राह्यली वं?"

"नको म्हटलं नं."

मी भांडले. मी भांडखोरच आहे, मला समजूत घालता येत नाही, मला फक्त वाद घालता येतो. म्हटलं, "डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते तू ऐकलं नाही काय? तुह्या समोर सांगितलं तिनं. फळाचा काही संबंध नाही!"

"तिनं काय सांगितलं ते मले आठवत नाही," माय म्हणाली. "तिनं इचारलं ते आठवते. काय खाल्लं होतं, म्हणे."

मी त्या वर्षात किती वेळा गेले, किती वेळा तेच तेच सांगितलं. औषधानं मारलं. गळक्या पंपानं मारलं. डोक्याएवढ्या पऱ्हाटीनं मारलं, ज्यानं त्याला हातमोजे दिले नाहीत त्यानं मारलं. तू नाही मारलं. ती ऐकून घ्यायची, भांडी घासायची आणि घासलेलं पाणी कुंपणाकडे न लोटता दुसऱ्या बाजूला लोटायची. अंगावरचं मांस गेलं तिच्या. जमनाबाई मला म्हणाली, "तुही माय जगून नाही राह्यली, कुंदे. दिवस ढकलून राह्यली." मला भीती वाटायची की एक दिवस ती त्याच रस्त्यानं जाईल. आमच्याकडे तो रस्ता घरोघरी बाटलीत भरून ठेवलेला असतो.

इथं वणीत आता भादव्यात कधी कधी नवऱ्याबरोबर ट्रकमधून गावाकडे जाणं होतं. दोन्हीकडे पऱ्हाटी. तिच्यात कोणाचं डोकं दिसत नाही, नुसता पांढरा फवारा वर उडताना दिसतो, मग कळतं की खाली माणूस आहे. मी खिडकीतून ओरडते, "ए बावा, तोंड बांध!" ट्रकच्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? नवरा बिचारा एकदा गाडी थांबवून स्वतः खाली उतरला आणि एका पोराला आपला गमछा देऊन आला. पोरगं म्हणालं, "काका, काही होत नाही, लिंबू हाये खिशात." नवऱ्यानं मला हे गाडीत बसल्यावर सांगितलं आणि गाडी सुरू केली.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी एवढं सगळं सांगितलं.

विल्याला जाऊन वर्ष झालं, पुन्हा भादवा आला. मी माहेरी गेले तर कुंपणावर वेल. मायनं पेरली नव्हती. चिरडलेल्या फळांच्या बिया मातीत होत्या, राखेत होत्या. गावानं तणनाशकानं धुरे जाळले, पण आमच्या दारातलं बी कोणी वेचलं नव्हतं. मोडक्या काड्यांवर, बाभळीच्या फांदीवर ती पसरली होती आणि फळांनी भरली होती. मायनं ती उपटली नव्हती आणि तिच्याकडे पाहतही नव्हती. मी म्हटलं, "काढून टाकू काय?" ती म्हणाली, "राहू दे." मला जरा बरं वाटलं. वाटलं, माय सावरते आहे.

दुपारी मी जमनाबाईबरोबर नाल्यावर धुणं धुवायला गेले. परत आलो तर माय कुंपणाशी उकिडवी बसलेली. ओटीत फळांचा ढीग. पिकलेली, निवडून घेतलेली, सगळी पिवळी. एक एक जाळी सोलत होती, फळ फोडत होती आणि खात होती. बिया थुंकत नव्हती, गिळत होती. पुढ्यात सोललेल्या जाळ्यांचा खच पडला होता.

धुण्याची बादली माझ्या हातून पडली. "माय! काय करून राह्यली? थूक! थूक म्हणते नं!"

किती वर्षं ते फळ खाऊन मी मोठी झाले. त्यात काही नाही हे मला पक्कं ठाऊक, वर्षभर तेच तर घसा फोडून सांगत होते. तरी त्या क्षणी मी तिच्या तोंडात बोट घालून ते काढायला गेले. तिनं माझा हात बाजूला केला, शांतपणे, रागावली नाही. "खाऊ दे," म्हणाली. "त्याले देल्ले त्याच्याहून जास्त खाल्ले पाहिजेन मले."

मग मला समजलं ती काय करते आहे. जमनाबाईलाही समजलं. ती मटकन तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मंग मलेबी दे." मायनं ओटी आवळून धरली, एकही दिलं नाही. "माह्या हातचं नको खाऊ," म्हणाली. ओटी रिकामी झाली तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं, कुंपणाला पाठ टेकवली आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली.

आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसलो. ऊन उतरलं. ढोरं गावात परतली, त्यांच्या मागून धूळ आली आणि बसली. कोणाच्या तरी घरी कांदा भाजल्याचा वास सुटला. माय मधून मधून स्वतःचे डोळे मिटून उघडून पाहत होती, हात पुढे धरून बोटं पाहत होती, दूरच्या कडुलिंबाकडे नजर लावत होती. पोटावर हात ठेवत होती. मी तिच्या कपाळाला हात लावला, थंड होतं, चांगलं होतं. जमनाबाईनं पाणी आणलं. मायनं पाण्याला नको म्हटलं.

दिवे लागले. तिला काहीही झालं नाही.

ती कितीतरी वेळ तशीच बसली होती. मग तिचा खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरायला लागला. विल्या गेला त्या दिवशी ती रडली नव्हती, त्याला माती दिली तेव्हा नाही, वर्षभरात एकदाही नाही. आता तिनं माझा दंड धरला, इतका घट्ट की नखं रुतली.

"मले तं काहीच नाही झालं वं, कुंदे," ती म्हणाली. "मंग माह्या लेकराले कोणं मारलं?"

वर्षभर मी ज्यांची नावं तिच्या कानाशी ओरडले होते, त्यातलं एकही माझ्या तोंडातून निघेना. ती मला हलवत होती.

"सांग नं वं," ती म्हणाली. "तुले तं सारं मालूम हाये."